उचकीवर बांधलेला रस्ता

आमच्या गावाचा रस्ता खडी आणि डांबराने झालाय असं कोणी सांगितलं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. रस्ता झालाय माझ्या भाच्याच्या उचक्यांनी. खडी-डांबर मागाहून आलं. मी साक्षीला होतो, माझ्या खुर्च्याही होत्या. माझा धंदाच खुर्च्या आणि कर्णे भाड्याने द्यायचा. गावात चार माणसं बसली की माझ्या खुर्चीवर बसतात आणि एक ओरडला की माझ्या कर्ण्यातून ओरडतो. तेव्हा या गोष्टीत मी पाहिलं-ऐकलं नाही असं काही नाही, आणि जे पाहिलं नाही तेही मी सोडलेलं नाही.

त्या वर्षी उचकीची साथ आली. एरवी उचकी लागली की आपण म्हणतो, कोणीतरी आठवण काढतंय. घोटभर पाणी पितो आणि विसरतो. ही उचकी लागली की लागलीच. कोणी मेलं नाही, पण कोणाला धड जगूही देईना. शिंप्यांच्या हातून बाह्या पाठीला शिवल्या जाऊ लागल्या. न्हाव्यांनी वस्तरे खाली ठेवले आणि गिऱ्हाइकांनी गालांवरून हात फिरवून सुटकेचा श्वास टाकला. सरकार म्हणत होतं, साथबीथ काही नाही, लोक उगीच बोंब मारतात. मग राजधानीत अर्थमंत्री अंदाजपत्रक वाचायला उभे राहिले आणि दर उचकीला त्यांची एकेक ओळ सुटत गेली. बरेचसे कर असेच हवेत विरले. सभागृहाने बाकं वाजवली. त्या संध्याकाळी सरकारला साथ दिसली.

दिसल्याबरोबर सरकारने सगळं बंद केलं, आणि उपाय शोधायला समिती बसवली. समितीत एक साखरवाले होते. ते म्हणाले, चमचाभर साखर. पेले बनवणारे म्हणाले, पाणीच, पण नव्या पेल्यातून. एक कागदी पिशव्यांचा कारखानदार होता, तो म्हणाला, पिशवीत तोंड घालून श्वास सोडा. भांडून भांडून असं ठरलं, की साखरेचं पाणी नव्या पेल्यात घ्यावं आणि ते पिशवीत तोंड घालून प्यावं. लोकांनी करून पाहिलं. पिशव्या भिजल्या, उचकी कोरडी ती कोरडीच.

आता उचकीवरचा खरा उपाय शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. माणसाला दचकवायचं! पण दचकवणं पडलं फुकट. त्याचा कारखाना नाही, म्हणून मालक नाही, मालक नाही म्हणून समितीत त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही. फुकटच्या औषधाला सरकारदरबारी वाली कुठला?

एवढ्यात निवडणूक जवळ आली आणि मदतमंत्र्यांना दया आली. त्यांनी योजना काढली. ज्या गावात उचकीचा एक तरी रुग्ण, त्या गावाला वीज फुकट, धान्य फुकट आणि रुग्ण बरा होईपर्यंत पक्क्या रस्त्याचं काम. ज्या गावात रुग्ण नाही, त्या गावाला अभिनंदनाची तार. रुग्णासाठी नियमही मंत्र्यांनी स्वतःच लिहिले. रुग्ण जिथे आजारी पडला तिथेच राहील, बरा होईपर्यंत वेस ओलांडणार नाही. त्याच्यापासून सगळ्यांनी दहा हात लांब राहायचं, अगदी लग्नाच्या बायकोनेही. आणि त्याच्या मनाला त्रास होईल असा प्रश्न त्याला कोणीही विचारायचा नाही.

आमचं गाव ठणठणीत. आम्हाला तार आली.

"याचं काय करायचं?" आमच्या गावाचे अध्यक्ष तार उलटीसुलटी करत म्हणाले. "भिंतीला लावू? की चुलीत घालू?"

"चुलीत घाला," मी म्हटलं. "तेवढंच जळण."

गाव बंद, बाजार बंद, माझ्या खुर्च्या गोदामात एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या. शेजारच्या गावाने खोट्या उचक्या काढून पाहिल्या. पण सरकारने मोजणीबाई नेमल्या होत्या. त्यांच्याजवळ एक यंत्र असे, एका बाजूला पितळी नरसाळं आणि दुसऱ्या बाजूला तबकडीवर सुई. नरसाळं गळ्यापाशी धरायचं. खरी उचकी आली की सुई टाणकन उडे, खोटीला ढिम्म हलत नसे. आमच्या भागातल्या मोजणीबाई पूर्वी धान्याच्या गोदामात पोती तोलायच्या. बोलायला गोड, पण तोलायला कडक. शेजारच्या गावाचा सगळा बाजार त्यांनी एका दुपारी उघडा पाडला.

आणि मग एका सकाळी माझ्या भाच्याला उचकी लागली.

माझा भाचा घड्याळं दुरुस्त करतो. अख्खं गाव त्याला टिकटिक म्हणतं. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली होती, आणि उचकी आली. स्प्रिंग उडाली ती कुठे गेली देवाला ठाऊक. भिंग उडालं ते शेजारच्या दुकानदाराच्या चहात पडलं. मी धावत गेलो तर टिकटिक रडकुंडीला आलेला.

"मामा, माझे हात गेले हो. उच्क! असं कसं मी चाक बसवणार?"

मी त्याला धीर देतोय, तोवर मागून वाजतगाजत अख्खं गाव आलं. पुढे अध्यक्ष. त्यांनी दहा हातांवर उभं राहून टिकटिकला हारच फेकून मारला, आणि तो बरोबर गळ्यात पडला.

"बाळा," अध्यक्षांचे डोळे भरून आले, "गावाचं नाव काढलंस!"

मोजणीबाई आल्या, नरसाळं लागलं, सुई टाणकन उडाली. दुसऱ्या दिवशी दिवे लागले, गव्हाची पोती आली आणि वेशीवर रोलर येऊन उभा राहिला. माझ्या खुर्च्या गोदामातून निघाल्या. धान्य घ्यायला येणाऱ्यांना बसायला खुर्च्या नकोत का? त्यांचं भाडं सरकार देई. मी कशाला खोटं बोलू, मला भाच्याची काळजी वाटत होती आणि खुर्च्या बाहेर निघाल्याचा आनंदही होत होता. दोन्ही एकाच पोटात सुखाने नांदत होते.

एकच माणूस आनंदात नव्हतं. ती म्हणजे पंक्चरवाली.

टिकटिकच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे तिचं दुकान. हवा भरायचं यंत्र, बुडबुडे बघायची पाण्याची टाकी, ठिगळं आणि सोल्युशनचा वास. दोघांचं लग्न ठरलं होतं. साथ आली नसती तर झालंही असतं. आता मधे दहा हात.

ती माझ्याकडे आली ती हात पुसतच. "मामा, याची उचकी कधी थांबणार?"

"रस्ता झाल्यावर थांबवू," मी म्हटलं. "अध्यक्ष म्हणतात, घाई काय आहे?"

"रस्ता झाल्यावर? आणि गुळगुळीत रस्त्यावर पंक्चर कोणाचं होणार हो? मी काय टाकीतल्या पाण्यात पाय सोडून बसू? माझ्या बहिणीच्या गावाला रस्त्याला अजून जिवंत खड्डे आहेत. तिच्या नवऱ्याचं गॅरेज आहे, त्याला भागीदार हवाय. सांगून ठेवते, रस्ता माझ्या दुकानापाशी पोचला आणि हा तोवर बरा झाला नाही, तर पहिल्या बसने मी चालले."

"अगं, पण लग्न?"

"दहा हातांवरून? हार फेकून मारू, अध्यक्षांसारखा?"

म्हणजे बघा कसा पेच. भाचा उचकी द्यायचा, रस्ता हातभर पुढे यायचा. रस्ता पुढे आला की तिचा जायचा दिवस जवळ यायचा. पोरगा स्वतःच्याच उचकीने स्वतःची होणारी बायको गावाबाहेर ढकलत होता, आणि त्याला ते कळतही नव्हतं.

तिने ठरवलं, याला दचकवायचं. अध्यक्षांनी ठरवलं, दचकू द्यायचं नाही.

अहो, त्या दिवसांत आमच्या गावासारखं मऊ गाव पृथ्वीवर नव्हतं. दारांच्या बिजागऱ्यांना रोज तेल. भांड्यांना फडकी गुंडाळलेली. कुत्र्यांना इतकं खाऊ घातलं की भुंकायला तोंड उघडलं तर ढेकरच यायची. शाळेची घंटा बंद. मास्तर खिडकीतून रुमाल हलवत. शिंक आली तर आधी हात वर करून सांगायचं, "मी शिंकतोय हं." टिकटिकच्या पाठीमागून येणाऱ्याने लांबूनच गाणं म्हणत यायचं, आणि ज्याचा गळा वाईट त्याने पुढूनच यायचं. माझ्या शेजारच्या दोन जावा जन्मभर तारस्वरात भांडत आल्या, त्या कुजबुजत भांडू लागल्या. कुजबुजताना एकमेकींचं ऐकावं लागतं, त्यामुळे चक्क समेट झाला. गावाच्या कचेरीवरचं मोठं घड्याळ, ज्याचे टोल ऐकून पाखरं उडत, त्याच्या घणाला अध्यक्षांनी उशी बांधली. ते घड्याळ टिकटिकच्या हातातलं, दर आठवड्याला तोच किल्ली द्यायचा. उशी बघून त्याचं तोंड एवढंसं झालं.

"मामा, माझं घड्याळ मुकं केलं हो त्यांनी. उच्क!"

पंक्चरवालीने पहिला डाव टाकला तो ट्रॅक्टरच्या ट्यूबचा. ट्यूब दुकानाबाहेर ठेवली आणि हवा भरायला घेतली. ट्यूब फुगली, बैलाएवढी झाली, हत्तीएवढी झाली. अध्यक्ष धापा टाकत माझ्याकडे आले. "मामा, कर्णा!" आणि माझ्याच कर्ण्यातून त्यांनी गोड आवाजात सांगितलं, "नागरिकांनो, घाबरू नये. आता थोड्याच वेळात धडाम होईल. टिकटिक बाळा, कानांत बोटं घाल." टिकटिकने शहाण्यासारखी घातली. ट्यूब फुटली तेव्हा अध्यक्षांची टोपी उडाली ती मोजणीबाईंच्या डोक्यावर जाऊन बसली, आणि टिकटिक हसत, उचकत टाळ्या वाजवत होता.

ती रागाने लालबुंद. माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, कर्ण्याचं भाडं मिळालं ना? मग झालं तर!"

मी कर्णा पुसायला घेतला. पुसायला त्याला काही लागलेलं नव्हतं.

दुसऱ्यांदा ती दहा हातांचा नियम धाब्यावर बसवून भल्या सकाळी त्याच्या दुकानात शिरली आणि उभ्या घड्याळाच्या पेटीत लपली. तो आला, कुलूप काढलं, आणि ती "भॉऽऽ" करून बाहेर उडी मारते न मारते तोच हा म्हणाला, "आलीस? बस ना. चहा घेतेस? उच्क!"

"अरे, दचक की मेल्या!"

"तुला बघून कसं दचकू गं? सोल्युशनचा वास दारातच आला. मला इतकं बरं वाटलं..." आणि आनंदाने त्याच्या उचक्या दुप्पट झाल्या. त्या दिवशी म्हणे रस्ता दोन हात जास्त झाला.

तिने मग नाना सोंगं केली. दुकानाला आग लागली म्हणाली. टाकीत मगर निघाली म्हणाली. तुझी मावशी कायमची राहायला येतेय म्हणाली. तो प्रत्येक वेळी कौतुकाने मान हलवी. मगरीचं तर त्याला फार आवडलं, तो आणखी माहिती विचारत बसला.

शेवटी रोलर शिंप्याच्या दुकानापर्यंत आला. तिच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी ती आपल्या उंबऱ्यावर उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, "हे बघ, मी जाणार आहे. बहिणीकडे. रस्ता इथे आला की पहिल्या बसने."

टिकटिकने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग खुदकन हसला. "हा चांगला होता. मगरीपेक्षाही चांगला. उच्क!"

तिने आत जाऊन टाकीतलं पाणी ओतून दिलं. मी बघत होतो. मी त्याला ओरडून सांगायला तोंड उघडलं, तर अध्यक्षांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "मामा, मंत्री येताहेत रस्त्याच्या उद्घाटनाला. परवापर्यंत कळ काढा. त्याला काही बोलू नका. तुमच्या सगळ्या खुर्च्या लागणार आहेत."

सगळ्या खुर्च्या! मी तोंड मिटलं. पण त्या दोन दिवसांत मला घास गोड लागला नाही, हे घरच्यांना विचारा.

मदतमंत्री आले. मंच बांधला, फीत ताणली, फितीच्या पलीकडे नवी कोरी बस उभी केली, नव्या रस्त्यावरची पहिली. माझ्या खुर्च्यांवर गाव बसलं. टिकटिकला मंचाच्या एका बाजूला, चुन्याने आखलेल्या रिंगणात बसवलं. मोजणीबाई यंत्र घेऊन उभ्या. मंत्र्यांचं भाषण सुरू झालं, पण हळू आवाजात, कारण अध्यक्षांनी मंचाच्या पायरीवरच त्यांना समजावलं होतं की ओरडलात तर योजना बंद पडेल.

"आमच्या सरकारने," मंत्री कुजबुजले, "साथीला हटवलं नाही, साथीला साथ दिली!" लोकांनी हातमोजे घालून टाळ्या वाजवल्या. "या तरुणाने हा रस्ता दिला. उद्या तो पूल देईल. परवा..."

"उच्क!" टिकटिक म्हणाला. टाळ्या.

छायाचित्रकार पुढे आला. "साहेब, एक फोटो. जरा जवळ जा ना."

मोजणीबाई म्हणाल्या, "साहेब, दहा हात."

"बाई, नियम मी लिहिलाय," मंत्री म्हणाले, रिंगणात शिरले आणि टिकटिकच्या गळ्यात हात टाकला. "बाळ, इकडे बघ. हस."

टिकटिक हसून कॅमेऱ्याकडे बघायला लागला, आणि कॅमेऱ्याच्या मागे त्याला बस दिसली. बसच्या टपावर हवा भरायचं यंत्र बांधलेलं होतं. त्याच्या शेजारी पाण्याची टाकी, पालथी घातलेली. आणि खिडकीत ती. इकडे बघत नव्हती.

मगर कधीच नव्हती. आग नव्हती. पण टाकी खरोखरच पालथी होती.

पोरगा असा दचकला, की काय सांगू! मंत्र्यांचा हात गळ्यातून उडाला. चुन्याचं रिंगण पुसलं गेलं. जीव कुठून कुठे जातो म्हणतात ना, तसा त्याच्या पायांतून निघून टाळूतून बाहेर डोकावून आला.

सगळं गाव पुढच्या उचकीची वाट बघतंय. अध्यक्ष ओठांनीच "उच्क, उच्क" करून त्याला आठवण देताहेत. मोजणीबाईंनी नरसाळं पुढे धरलंय. उचकी येईना. गेली ती गेली. मला वाटलं, संपलं. वीज गेली, गहू गेला, खुर्च्या परत गोदामात.

"उच्क!"

गावाने सुस्कारा टाकला. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की टिकटिकचं तोंड मिटलेलं आहे.

"मी नाही," तो म्हणाला.

"उच्क!" मदतमंत्री म्हणाले. आणि स्वतःच इकडेतिकडे बघू लागले, कोण म्हणालं म्हणून.

मोजणीबाईंनी त्यांच्या गळ्यापाशी नरसाळं नेलं. सुई उडाली ती तबकडीच्या टोकाला जाऊन आपटली. बाई मागे सरल्या. "साहेब, रागावू नका. पण आता दहा हात लांबूनच बोलते."

"माझी गाडी! उच्क! मला राजधानीला..."

"रुग्ण जिथे आजारी पडला तिथेच राहील," बाई म्हणाल्या. "नियम तुम्हीच लिहिलाय."

टिकटिक एव्हाना मंचावरून उडी मारून फितीकडे पळाला होता. कात्री कोणाच्या हातात होती देव जाणे. त्याने फीत छातीनेच तोडली. म्हणजे आमच्या रस्त्याचं उद्घाटन त्याने केलं म्हणायला हरकत नाही. बसच्या खिडकीखाली उभा राहून तो म्हणाला, "खरंच जात होतीस?"

"मग काय खोटं? एवढी टाकी टपावर चढवायला मला हौस आहे?"

"मला वाटलं, दचकवायला सांगतेस."

"सांगितलं तेव्हा हसलास! मगरीपेक्षा चांगला म्हणे!" तिने डोळे पुसले, पण दुसऱ्या हाताने त्याच्या डोक्यात टपली मारायला ती विसरली नाही. मग एकदम थबकली. "थांब. तू केव्हापासून उचकला नाहीस?"

तो विचारात पडला. आणि अख्ख्या गावासमोर ती बसच्या खिडकीतून अशी बाहेर आली, की दाराने यायचं असतं हे कंडक्टरने सांगेपर्यंत ती रस्त्यावर उभी होती.

आता मंत्री रुग्ण म्हटल्यावर गावाचं काय झालं असेल? आम्हाला वाटलं, राजधानीतून डॉक्टरांची फौज येईल, बँड लावून साहेबांना दचकवतील आणि घेऊन जातील. आले ते ट्रक. मंत्र्यांच्या खुर्चीवर आता त्यांचे उपमंत्री बसले होते. त्यांनी मोठ्या प्रेमाने ट्रक भरभरून कापूस पाठवला, बिजागऱ्यांना तेल पाठवलं आणि निरोप पाठवला: साहेबांना अजिबात दचकू देऊ नका, काय लागेल ते मागा. आम्ही काय लागेल ते मागितलं. ते आलं. पुलाचंही बघू म्हणाले.

आणि रस्ता? तो बांधला होता मदतमंत्र्यांच्या मेव्हण्याने. कापसाच्या ट्रकांनीच तो उखडायला लागला. कापसाच्या, बरं का! पंक्चरवालीने टाकी उतरवून पुन्हा भरली. पहिल्याच आठवड्यात तिच्या दारात ट्रकांची रांग लागली.

"मामा," ती ट्यूब पाण्यात दाबत म्हणाली, "मेव्हणा गुणाचा आहे हो."

लग्न कचेरीसमोरच्या चौकात ठरलं. मंत्री दहा हातांवर, रिंगणात, माझ्या हातवाल्या खुर्चीत. अध्यक्षांनी वाजंत्रीवाल्यांच्या कर्ण्यांत कापूस कोंबला होता. ते बिचारे गाल फुगवून फुंकत होते आणि आतून मांजर घोरल्यासारखा आवाज येत होता.

नवरी उभी राहिली. "हे काय? मी असं मुक्याने लग्न करणार नाही. घड्याळाची उशी सोडा."

अध्यक्ष पांढरे पडले. "पोरी, टोल पडले आणि मंत्री दचकले तर? पूल अजून..."

"अध्यक्षकाका, याच्या वेळी तुम्ही कर्ण्यावरून माझ्या ट्यूबची वाट लावलीत. आता तुम्ही बोलू नका."

टिकटिक कचेरीच्या जिन्याने धावत वर गेला. त्याने उशी सोडली, तेलाचं बोट लावलं, किल्ली दिली. आणि काय टोल पडले म्हणता! इतक्या दिवसांचे साठलेले, एकदम. कुत्री भुंकू लागली, शेजारच्या दोन जावा हर्षाने पुन्हा तारस्वरात भांडू लागल्या, वाजंत्रीवाल्याच्या कर्ण्यातला कापूस गोळीसारखा सुटला. मंत्री खुर्चीतून वीतभर वर उडाले आणि परत खुर्चीत पडले. खुर्ची माझी, मजबूत.

शेवटचा टोल विरला. सगळे मंत्र्यांकडे बघताहेत.

उचकी नाही.

अध्यक्षांनी डोकं धरलं. मंत्र्यांचा ड्रायव्हर गाडी पुसायला धावला. त्यांचा सचिव कधीचा एक तार खिशात घालून बसला होता, तो पुढे आला आणि त्याने ती वाचून दाखवली: खजिना रिकामा. सभागृहाला योजनेचा हिशेब हवा. बरे होताच तडक या, प्रश्न फार आहेत.

मंत्र्यांनी तार ऐकली. गाडीकडे पाहिलं. कापसाकडे पाहिलं, कोवळ्या उन्हाकडे पाहिलं. रुग्णाला कोणी प्रश्न विचारायचा नाही, हा नियम त्यांना बहुतेक त्याच क्षणी आठवला असावा. त्यांनी घसा साफ केला.

"उच्... उच्क," ते म्हणाले.

इतकी वाईट उचकी मी जन्मात ऐकली नव्हती. शेजारच्या गावानेही याहून बऱ्या काढल्या होत्या.

मोजणीबाई पुढे झाल्या. नरसाळं धरलं. "साहेब, पुन्हा."

"उच्क."

सुई ढिम्म. बाईंनी सुईकडे पाहिलं. मग आमच्याकडे. खुर्च्यांवर बसलेलं गाव, फुगलेल्या गालांचे वाजंत्रीवाले, हार हातात धरून थांबलेली नवरी, जिन्यावरून धावत खाली आलेला, तेलाने माखलेला नवरा. साथ संपली की बाईंनाही परत गोदामात पोतीच तोलायची होती.

त्यांनी तबकडीवर टिचकी मारली. "सुई अडकलेली दिसते," त्या म्हणाल्या. "गावात घड्याळं दुरुस्त करणारं कोणी आहे का?"

टिकटिकने यंत्र घेतलं. खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. हात असा स्थिर, की माशी येऊन बसली असती. लग्न त्याच्यासाठी ताटकळलंय हे विसरून तो आत बघत राहिला.

"बारीक काम आहे," तो म्हणाला. "किती वेळ लागेल सांगता येत नाही."

अध्यक्षांनी श्वास रोखून नवरीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

तिने हार त्याच्या गळ्यात टाकला, त्याच्या डोळ्यावरचं भिंग सरळ केलं आणि म्हणाली, "सावकाश कर. पूल व्हायचाय अजून."